टिक मारलेलं काम जातं कुठे?

टू-डू लिस्टचं कुठलं ॲप चांगलं यावर लोक वाट्टेल तेवढं बोलतात, कुठल्यात विजेट झकास आहे, कुठलं फुकट आहे, कुठल्यात मराठीत बोललं तरी लिहून घेतं, पण टिक मारल्यावर त्या कामाचं पुढे काय होतं हे कुणी फारसं विचारत नाही. ओळीवर रेघ ओढली जाते, अक्षरं फिकी होतात, टिंग वाजतं आणि काम गायब. आपल्याला हेच हवं असणार असं ॲपवाल्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. माझं म्हणणं असं की हे त्यांनी ठरवायचंच नाही. झालेलं काम हा ते करणाऱ्याचा रेकॉर्ड आहे, तो नजरेआड खुशाल जाऊ दे पण नाहीसा होता कामा नये, त्यावर तारीख हवी, आणि एक पैसा न भरणाऱ्यालासुद्धा तो अख्खाच्या अख्खा बाहेर काढून नेता आला पाहिजे. वाचून वाटेल की हिला दुसरे उद्योग नाहीत का, पुण्यात रस्ते खोदून ठेवलेत, पाणी गुरुवारी बंद, आणि ही टिकमार्कवर लेख लिहितेय. पण थोडं थांबा, रस्त्यावर आणि पाण्यावर पण येते.

आधी आत्ता काय चालतं ते बघू. गूगल टास्क्समध्ये झालेलं काम लिस्टच्या तळाशी एका मिटलेल्या कप्प्यात जातं आणि तिथलं सगळं एका दमात उडवायची सोय मेनूतच ठेवलेली आहे. ॲपलच्या रिमाइंडर्समध्ये ती लपतात, साफ करायची झाली तर महिन्यापूर्वीची, सहा महिन्यांपूर्वीची, वर्षापूर्वीची की सगळीच असं विचारलं जातं, हा मला त्यातल्या त्यात सभ्य प्रकार वाटतो. थिंग्ज म्हणून एक आहे, ॲपलवाल्यांसाठीच, विकत घ्यावं लागतं, त्यात लॉगबुक नावाची वेगळी जागाच केलीय, तारखेनुसार लावलेली. गूगल कीपमध्ये चेकलिस्ट केली तर टिक केलेली ओळ खाली सरकते खरी, पण ती कधी टिक केली याची तारीख कुठे दिसत नाही, म्हणजे किराण्यासाठी ठीक आहे, पण 'भाडेकरार रजिस्टर केला' असलं काही तिथे टिक करून निर्धास्त झालात तर कठीण आहे.

आता याच्या शेजारी प्रोग्रामर मंडळींनी स्वतःसाठी केलेली साधनं ठेवून बघा. टूडू डॉट टीएक्सटी नावाचा प्रकार जिना ट्रपानी यांनी २००६ मध्ये काढला, तो म्हणजे नुसती एक टेक्स्ट फाईल, एका ओळीत एक काम. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स आणि पुढे झाल्याची तारीख, आणि मग आर्काइव्हची कमांड दिली की त्या सगळ्या ओळी उचलून डन डॉट टीएक्सटी नावाच्या दुसऱ्या फाईलमध्ये जातात. बस. ऑर्ग-मोड तर त्याहून जुना, २००३ चा, कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या नोंदींसाठी सुरू केलेला, त्यात काम बंद झाल्याचा दिवस आणि वेळ शिक्क्यासारखी उमटवता येते आणि जुनं सगळं एका वेगळ्या फाईलमध्ये ढकलता येतं. ज्यांनी स्वतः वापरायला साधन केलं त्यांनी झालेल्या कामाला घर दिलं, आणि ज्यांनी आपल्याला विकायला केलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी 'सगळं साफ करा' असं बटण दिलं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

विकणाऱ्याचं गणित समजण्यासारखं आहे म्हणा. मोबाईलचा स्क्रीन केवढासा, त्यावर झालेली कामं पसरून ठेवली तर राहिलेली दिसणारच नाहीत, हे खरंच आहे. आणि रिकामी लिस्ट जाहिरातीत छान दिसते, खाली एखादं चित्र, आरामखुर्ची, कॉफीचा मग, 'आजची सगळी कामं झाली'. पुण्यात राहणाऱ्या कुठल्या नोकरदार माणसाची आजची सगळी कामं आज झाली असतील हे मला एकदा बघायचंय. पण ते स्वप्न विकलं जातं आणि त्या स्वप्नात झालेल्या कामांना जागा नसते, कारण जे झालं त्याचं पुढे काही विकता येत नाही.

यावर कुणीतरी मानसशास्त्र काढणार, म्हणून आधीच सांगते. ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये केलेलं आणि १९२७ मध्ये छापलेलं संशोधन प्रसिद्ध आहे, अर्धवट राहिलेली कामं माणसाला पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात असं त्यात दिसलं होतं. नंतर इतरांनी प्रयोग केले तेव्हा दरवेळी तसंच आलं नाही, ते सोडा. पण हा दाखला नेहमी एकाच बाजूने वापरला जातो, की बघा, काम लिहून टिक करून टाका म्हणजे डोकं मोकळं होईल. अहो पण त्याचीच दुसरी बाजू अशी निघते की जे झालं ते डोकं सोडून देतं. राहिलेलं काम आठवायला मला ॲप थोडंफार कमी पडलं तरी चालेल, ते मला रात्री दोन वाजता आपोआप आठवतं, लाईटबिल भरायचं राहिलं म्हणून दचकून जाग येते. झालेलं मात्र आठवत नाही. गॅसची नळी बदलली ती दिवाळीआधी की दिवाळीनंतर? गाडीचं पीयूसी मागच्या वेळी कधी काढलं? मग सांगा मशीनची जास्त गरज कुठे आहे.

आता सोसायटीचं घ्या. कोथरूडमधली, जुनी, लिफ्टवाली, पार्किंगवरून भांडणारी, म्हणजे कुठलीही घ्या. मॅनेजिंग कमिटीची मुदत पाच वर्षांची असते पण सेक्रेटरी काही पाच वर्षं टिकत नाहीत, वैतागून मध्येच सोडतात, आणि सोडताना चाव्या, शिक्के, चेकबुक, प्रोसिडिंग बुक सगळं रीतसर देतात, फक्त फोनमधली लिस्ट देत नाहीत कारण ती त्यांची पर्सनल. आणि सोसायटीचा खरा कारभार त्या लिस्टमध्ये असतो. वरची टाकी शेवटची कधी धुतली, फायर एक्स्टिंग्विशर कधी भरून आणले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नक्की कुठून कुठपर्यंत केलं, ड्रेनेजचा चोकअप काढायला कुणाला बोलावलं होतं आणि त्याने काय सांगितलं होतं, हे सगळं तिथे टिक होऊन गेलेलं असतं. प्रोसिडिंग बुकात एवढंच असतं की 'वॉटरप्रूफिंग करून घेण्याचे सर्वानुमते ठरले'. ठरलं ते सापडतं, झालं की नाही ते सापडत नाही. मग जुलैमध्ये वरच्या मजल्यावर ओल येते, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वॉरंटी संपली, कमिटी म्हणते संपली नाही, आणि दोघांकडेही तारीख नाही. बिल असतं, हो, पण बिलाची तारीख म्हणजे काम झाल्याची तारीख नव्हे, हे ज्याने कधी कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिलाय त्याला वेगळं सांगायला नको.

त्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांची आणखी वेगळी गंमत. टाकी धुणे, दर सहा महिन्यांनी, असं लावून ठेवलं तर बऱ्याच ॲपमध्ये टिक मारल्याबरोबर तारीख सहा महिने पुढे उडी मारते आणि काम पुन्हा कोऱ्या चेहऱ्याने उभं राहतं, जणू आयुष्यात कधी झालंच नव्हतं. मागच्या वेळी खरंच धुतली की नुसती टिक मारली, वेळेवर धुतली की दोन महिने उशिरा, हे बघायचं तर कुठेतरी इतिहासात खोदत बसा, तिथे असलं तर. मिळकत कर, लिफ्टचं एएमसी, घरातला वॉटर फिल्टर, आजीची डोळ्यांची तपासणी, आपली निम्मी कामं या जातीची असतात. त्यांच्या बाबतीत पुढची तारीख सोपी आहे, ती कॅलेंडर पण देतं, किमतीची गोष्ट मागच्या तारखांची रांग आहे, कारण त्या रांगेवरूनच कळतं की सहा महिने हा आकडा आपण कागदावर लिहिलाय, प्रत्यक्षात आपण नऊ महिन्यांनी टाकी धुतो.

पुणेकरांना तर हे पटायला जड जाऊ नये. आपल्याकडे पुणे पुराभिलेखागार आहे, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे मोडीतले कागद कापडी रुमालात बांधून ठेवलेत, आणि त्या रुमालांमध्ये लढाया आणि तह जेवढे आहेत त्याच्या शेजारीच रोजकीर्दी आहेत, म्हणजे त्या दिवशी काय आलं, काय गेलं, कुणाला काय दिलं याच्या नोंदी. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले तरी ते अख्ख्या दफ्तराच्या मानाने थोडेच. आता ती रोजकीर्द लिहिणारा कारकून काही इतिहासासाठी लिहीत नव्हता. खर्च झाला तर तो कुठे झाला हे उद्या कुणी विचारलं तर दाखवता यावं, एवढ्याच व्यवहारी कारणासाठी लिहीत होता. झालेल्या गोष्टीची तारीखवार नोंद हा त्याच्या कामाचा शेवटचा भाग होता, नोंद झाली नाही तोवर काम झालं असं कुणी धरत नसे. आपण मात्र नोंद पुसण्याला काम संपवणं म्हणायला लागलोय.

बरं आता 'झालं' या टिकवर जरा येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. लिस्टमधून एखादी गोष्ट घालवायची दोन कारणं असतात, एक तर ती केली, नाहीतर ती करायची नाही असं ठरवलं, आणि बऱ्याच साध्या ॲपमध्ये या दोन्हीसाठी तुम्हाला तोच एक चौकोन मिळतो. मग जिमचा फॉर्म भरणे, जर्मनचा क्लास चौकशी करणे, माळा आवरणे, या सगळ्यावर कंटाळून टिक मारली जाते. डिलीट केलं तर मागमूस राहत नाही, टिक केलं तर खोटं राहतं. आणि असलं खोटं मिसळलेला रेकॉर्ड पुढे कशालाच उपयोगी पडत नाही, तुमचा तुम्हालाच भरवसा राहत नाही की ही टिक खरी का ती टिक खरी. यात तांत्रिक अडचण काहीही नाहीये हं. कॅलेंडरची माहिती एका ॲपमधून दुसरीकडे नेण्यासाठी जो आयकॅलेंडर नावाचा स्टँडर्ड आहे, १९९८ चा, नंतर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ म्हणून सुधारलेला, त्यात कामाला चार अवस्था दिल्यात, करायचंय, चालू आहे, झालं आणि रद्द. झाल्याची तारीख आणि वेळ ठेवायला वेगळी जागा आहे. टक्क्यांत किती झालं हेसुद्धा लिहिता येतं. म्हणजे गेल्या शतकातच कुणीतरी नीट विचार करून ठेवला होता, आपल्या हातात आलेल्या ॲपने चारातल्या दोनच घेतल्या. थिंग्जमध्ये रद्दची सोय आहे, टिकटिक नावाच्या ॲपमध्ये 'करणार नाही' असं करता येतं, बाकीच्यांनी पण द्यावी. मला तर त्या बटणावर 'राहू दे' असं लिहिलेलं आवडेल. वर्षाच्या शेवटी 'राहू दे' ची यादी काढून बघितली तर माणसाला स्वतःबद्दल बरंच कळेल, झालेल्या यादीपेक्षा जास्तच.

घरातल्या शेअर केलेल्या लिस्टचं सांगायलाच हवं. सासूबाईंच्या गोळ्यांची लिस्ट आमच्याकडे तिघांच्या फोनवर आहे, मी, नवरा आणि चिंचवडची नणंद जी शनिवार-रविवार येते. नणंद गोळी देते, टिक मारते, ओळ गायब होते. मी स्वयंपाकघरातून येऊन फोन बघते, ओळच नाही. मग प्रश्न असा की दिली म्हणून नाही, की आज कुणी टाकलीच नाही म्हणून नाही? "अगं, बीपीची गोळी दिलीस का?" असं ओरडून विचारावंच लागतं, आणि ओरडून विचारायचं तर लिस्ट कशाला. दुधाच्या बाबतीत दोन पिशव्या जास्त आल्या तर खरवस नाही पण बासुंदी तरी होते, गोळीच्या बाबतीत हे चालणार नाही. झालेली ओळ त्या दिवसापुरती तरी तिथेच दिसायला हवी, कुणी केली आणि किती वाजता केली त्यासकट. एवढी साधी गोष्ट सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत जाऊन सुरू करावी लागते, आणि वयस्कर माणसाला तर ती सापडतच नाही.

आणि त्यातून आणखी एक दिसतं, ते काही घरांना आवडणार नाही. झालेल्या कामापुढे नाव राहिलं की कुणी काय केलं ते महिन्याअखेर दिसतं. घरकामाचा स्वभावच असा की झालं की दिसत नाही, राहिलं की दिसतं, डबा भरला तर कुणी बोलत नाही आणि नाही भरला तर सगळे बोलतात. ॲपने झालेल्या ओळी पुसल्या की ते तेच करतं जे घर वर्षानुवर्षं करत आलंय. मी असं म्हणत नाही की नवऱ्याला दर पंधरा दिवसांनी आकडेवारी दाखवून सुनावणी घ्या, त्यातून संसार होत नाही, पण 'मी पण करतो की घरात' या वाक्यावर वाद घालण्यापेक्षा तीन महिन्यांची यादी शांतपणे स्क्रोल करणं बरं.

इथे माझ्याच मुद्द्याला उलटा फिरवणारी जागा आहे आणि ती ऑफिस आहे. हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, झालेल्या कामाची नोंद तिथे काटेकोर ठेवली जाते, तिकीट, म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेलं एकेक काम, कुणी घेतलं, किती वाजता डन केलं, किती तास टाकले. कॅनबॅन बोर्डवर, म्हणजे करायचंय, चालू, डन अशा रकान्यांत कामाची कार्डं लावलेल्या फळ्यावर, डनच्या कॉलममधली जुनी कार्डं काही दिवसांनी दिसेनाशी होतात पण सर्च केलं तर असतातच. म्हणजे मी मागते ते सगळं तिथे आहे, आणि तरी अप्रेझलचा फॉर्म आला की माणूस ब्लँक होऊन बसतो, वर्षभरात मी केलं काय. कारण तो रेकॉर्ड त्याच्यासाठी ठेवलेलाच नाही, तो मॅनेजरच्या डॅशबोर्डसाठी ठेवलाय. त्यात बंद झालेली तिकिटं असतात, पण नव्या पोरीला बसवून दोन दिवस शिकवलं, क्लायंटचा चिडलेला कॉल सांभाळला, रिलीजच्या रात्री सगळे गेल्यावर थांबून लॉग बघितले, याचं तिकीट कुणी काढत नाही. नोकरी सोडली की त्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद, लॅपटॉप जमा, आणि पाच वर्षांचं झालेलं काम कंपनीच्या सर्व्हरवर. कंपनीची गुपितं कंपनीकडे राहोत, त्याबद्दल तक्रार नाही, पण आपण काय केलं याची आपल्या शब्दांतली एक साधी यादी आपल्या फोनमध्ये हवी, क्लायंटचं नाव न लिहिता. तीच यादी जर मॅनेजरला दिसायला लागली तर मात्र माणूस त्यात खोटं लिहायला लागेल, म्हणून मी रेकॉर्ड म्हणते तेव्हा तो करणाऱ्याच्या ताब्यात असलेला रेकॉर्ड म्हणते, नुसता रेकॉर्ड नव्हे.

म्हणूनच ते पॉइंट्स आणि स्ट्रीकचं, म्हणजे सलग किती दिवस कामं केली ते मोजायचं, खूळ मला पटत नाही. टोडोइस्ट ॲपमध्ये कर्मा नावाचे गुण मिळतात, आसना ॲपमध्ये काम झालं की कधीकधी स्क्रीनवरून युनिकॉर्न उडत जातो, मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये टिंग वाजतं. टिंग चालेल, मला पण ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण गुण आले की माणूस 'पाणी प्यायलो' असलं पण लिहून टिक करायला लागतो, आणि एका कामाचे सहा तुकडे करतो म्हणजे सहा टिका. नोंद आणि मार्कशीट एकत्र केली की नोंदीची माती होते. शाळेत आपण सगळ्यांनी बघितलंय हे, प्रॅक्टिकलच्या वह्या कशा पूर्ण व्हायच्या ते.

आता सार्वजनिक कामं, जिथे टिक मारणारा एक आणि भोगणारा दुसरा. रस्त्यावरचा खड्डा, गळणारी पाइपलाइन, बंद पडलेला दिवा, याची तक्रार नागरिक ॲपवर टाकतो आणि ती 'निकाली' काढायचं बटण मात्र ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे असतं. मेसेज येतो, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, आणि आपण खिडकीतून बघतो तर पाणी वाहतंच आहे. कुठल्या एका ऑफिसबद्दल मी बोलत नाहीये, ही रचनाच चुकीची आहे. आयटीच्या हेल्पडेस्कमध्ये यावर तोडगा कधीचा निघालाय, काम करणारा तिकीट 'सोडवलं' एवढंच म्हणू शकतो, 'बंद' ही वेगळी पायरी असते आणि त्यासाठी तक्रार करणाऱ्याला विचारतात, तो काही दिवस बोललाच नाही तर मग आपोआप बंद होतं. केंद्र सरकारच्या सीपीग्रॅम्स पोर्टलवर निदान तक्रार बंद झाल्यावर अभिप्राय देता येतो आणि समाधान नसेल तर अपील करता येतं. पण अपील म्हणजे पुन्हा नागरिकानेच धावायचं. शहरांच्या तक्रार ॲपमध्ये हे सरळ असं हवं की सोडवलं म्हणताना फोटो आणि तारीख, बंद करायचं बटण नागरिकाच्या फोनवर, आणि बंद झालेल्या तक्रारी सगळ्यांना शोधता याव्यात. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. एकाच चौकातला खड्डा किती वेळा निकाली निघालाय हे बंद तक्रारींच्या यादीतूनच कळतं, चालू तक्रारींच्या यादीत तो दरवेळी नवा असतो. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, त्यात ठरलेल्या सेवांना मुदत घालून दिलीय, आणि मुदत पाळली का हे झालेल्या कामाच्या तारखेशिवाय कसं तपासणार?

यावर एक आक्षेप मला पटतो, तो म्हणजे सगळं जपून ठेवणं धोक्याचं पण आहे. झालेल्या कामांच्या यादीत माणूस उघडा पडतो. कुठल्या डॉक्टरकडे गेलो, वकिलाला कधी भेटलो, दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू कधी दिला, कुणाला किती पैसे दिले. फोन चोरीला गेला, किंवा घरातल्याच कुणी उघडला, तर राहिलेल्या कामांपेक्षा झालेली कामं जास्त बोलतात. शिवाय काही गोष्टी संपल्या की संपू द्याव्यात, हॉस्पिटलच्या दिवसांतली यादी सहा महिन्यांनी अचानक समोर आली की काय होतं ते ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. म्हणून पुसायचा हक्क हवाच, आणि तो खरा हवा, म्हणजे स्क्रीनवरून गेलं आणि सर्व्हरवर राहिलं असं नको. फक्त तो हक्क माझा, ॲपचा नाही. डीफॉल्ट ठेवायचा असावा आणि पुसणं माझ्या हाताने व्हावं, एवढाच क्रम.

कायद्यात यातली निम्मी बाजू आलीय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसायला लावायचा हक्क आहे. पण आपली माहिती एका कंपनीकडून घेऊन दुसरीकडे न्यायचा हक्क, जो युरोपात २०१८ पासून लागू आहे आणि आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात होता, तो या कायद्यात येता येता गळला. त्यावर कुठे मोर्चा निघाला नाही आणि निघणारही नाही, पण त्याचा अर्थ असा की ॲपने उद्या सांगितलं की जुना इतिहास बघायचाय तर प्रीमियम घ्या, तर तुम्हाला तो बाहेर काढून द्यायला कायद्याने लावता येईल असं नाही. काही ॲप फ्री वापरणाऱ्यांना थोड्याच दिवसांचा इतिहास दाखवतात. कुणी म्हणेल फुकट वापरता तर बोलता कशाला. अहो जागा लागते किती? वर्षभराची टिक मारलेली कामं म्हणजे नुसता मजकूर, तुमच्या गुड मॉर्निंगच्या एका फोटोपेक्षा कमी. साठवायला महाग म्हणून ते कुलूप नाही, तुम्हाला ते हवं आहे हे त्यांना बरोबर कळलंय म्हणून आहे. आणि पैसे भरले तरी ॲप राहील याची खात्री कुठे आहे. वंडरलिस्ट आठवतंय का, किती जणांचं लाडकं होतं, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. सांगून केलं, दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची सोय पण दिली, तक्रार नाही. पण दरवेळी कुणी एवढं सभ्य असेलच असं नाही.

त्यामुळे नवीन ॲप घेताना रंग, विजेट, रेटिंग नंतर बघा. आधी त्यात पाचसहा खोटी कामं टाका, एक रोजचं ठेवा, एक-दोन टिक करा, एक डिलीट करा, आणि लगेच एक्सपोर्टचं बटण शोधा. सापडलं तर फाईल लॅपटॉपवर उघडून बघा, त्यात टिक केलेली कामं आली आहेत का, त्यांच्यापुढे तारीख आहे का, की नुसती राहिलेलीच कामं आलीत, कारण काही ठिकाणी बॅकअप म्हणजे फक्त राहिलेलं असंच असतं. गूगल टास्क्सचा डेटा टेकआउट या गूगलच्याच डेटा काढून घ्यायच्या सोयीतून मिळतो, फाईल जेसन नावाच्या प्रोग्रामरी मजकुराच्या स्वरूपात येते, दिसायला भयंकर दिसते पण उघडते. सोसायटीच्या कमिटीवर असाल तर येत्या मीटिंगला एवढंच मांडा की झालेल्या कामांची यादी सेक्रेटरींच्या फोनवर न राहता सोसायटीच्या मेल आयडीवरच्या एका शीटमध्ये राहील, काम, तारीख, कुणी केलं, कुणाकडून करून घेतलं. विरोध होईल, आमच्याकडे पण झाला, "आता हे पण लिहायचं का?" असं खजिनदार काकांनी विचारलंच, पण टाकीचा विषय निघाला आणि मागची तारीख कुणालाच सांगता येईना, तेव्हा ठराव मंजूर झाला. शीट आहे, भरते मीच.